पोटात दुखतंय, म्हणजे नेमकं कुठं?

आमची नारायण पेठ आता निम्मी बाहेरगावच्या मुलामुलींची झाली आहे. पत्र्या मारुतीपासून मोदी गणपतीकडे चालत निघालात तर अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या पाट्या वाचता वाचताच रस्ता संपतो. कुणी वाशीमची, कुणी करमाळ्याची, कुणी उमरग्याची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेल्या. आमच्याही वरच्या दोन खोल्यांत चौघीजणी राहतात. तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकी अशाच कुणाकडे तरी राहत असतील!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला दार वाजलं. वरची एक मुलगी उभी.

"काकू, हिंग आहे का हो थोडा?"

"का गं, कुणाचं पोट दुखतंय?"

"आमच्या बीडच्या बाईसाहेबांचं. डेट जवळ आलीये ना तिची, त्याचं असेल."

हिंगाची डबी घेऊन मीच वर गेले. पोरगी कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडलेली. पोटावर गरम पाण्याची पिशवी, उशाशी गोळ्यांची पट्टी. दुपारपासून दोन गोळ्या झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दर महिन्याला आणते त्याच.

"कुठं दुखतंय गं?"

"पोटात."

"अगं, पोटात म्हणजे कुठं?"

"पोटातच ओ काकू. लई दुखायलंय."

खरं सांगते, मीही हिंग-ओवा देऊन खाली यायच्याच बेतात होते. आपलं सगळ्यांचं तसंच असतं. पण तिची मैत्रीण बोलून गेली, "सकाळी तर बेंबीपाशी दुखतंय म्हणत होती, आता उजवीकडे म्हणते." सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, दोनदा उलटी झालेली, अंगही कोमट लागत होतं. उजवा पाय सरळ कर म्हटलं तर कळवळली. माझा भाचा शाळेत असताना अगदी असाच पडला होता, ते मला चांगलं आठवत होतं. मी म्हटलं, ऊठ, रिक्षा बोलावते.

तर ही उठायलाच तयार नाही. पैशाचं असेल म्हणून मी म्हटलं, ते नंतर बघू. तर मान हलवते. शेवटी रडत रडत म्हणाली, "डॉक्टर नको काकू. ते पिशवी काढायला सांगतात."

तेवीस वर्षांची पदवीधर मुलगी. राज्यघटनेची कलमं तोंडपाठ असलेली. मला आधी कळेचना ही काय बोलते आहे. मग हळूहळू कळलं. हिच्या आईच्या ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. तालुक्याच्या गावी दाखवलं, तर पिशवी खराब झालीय, राहू दिली तर कॅन्सर होईल असं सांगितलं गेलं. आई तेव्हा एकतीस वर्षांची. मावशीचं तसंच. शेजारच्या दोघींचंही. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढूनच परत येते, हे हिनं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून पाळीत कितीही दुखलं तरी ही मेडिकलच्या पुढं कधी गेलीच नव्हती.

त्या रात्री आम्ही तिला जवळजवळ उचलूनच नेलं. अपेंडिक्स निघालं. पहाटे ऑपरेशन झालं. फुटायच्या आत हाती लागलं एवढं नशीब!

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना तिला जे प्रश्न विचारले ते मी कान देऊन ऐकत होते. पहिल्यांदा कुठं सुरू झालं? आता कुठं आहे? कळा येऊन जातात की सलग ठणकतंय? हललं, खोकलं की वाढतं का? जेवावंसं वाटतं का? शेवटची पाळी कधी आली? लघवीला जळजळ? शौचाला कसं होतं? दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारताना त्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि ते मला फार आवडलं. या सगळ्या प्रश्नांना पोरीकडे सुरुवातीला एकच उत्तर होतं, "पोटात दुखतंय." पोटात तर किती गोष्टी आहेत! आतडी, पित्ताशय, मूत्रपिंडं, मूत्राशय, गर्भाशय, बीजकोश. त्यातलं कोण ओरडतंय हे बाहेरून कळायचं कसं? आपण सांगू त्यावरूनच ना!

आणि गंमत बघा, सांगायला आपल्या भाषेत शब्द कमी आहेत का? मुरडा पडतो, कळ येते, चमक मारते, गोळा येतो, ठणकतं, टोचतं, पिळवटतं. आपल्या आज्या हे शब्द नेमके वापरायच्या. मुरडा म्हटलं की तो आतड्याचा, पळसुद्धा ठरलेला. ओटीपोट म्हणजे बेंबीच्या खाली, कूस म्हणजे बाजूला. आपण मात्र दवाखान्यात गेलो की 'पेन होतंय' म्हणतो आणि गप्प बसतो.

अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं, काही तासांत उजवीकडे खाली सरकतं आणि मग सलग राहतं. भूक पार मरते, मळमळतं, बारीक ताप येतो. असा माणूस हालचाल टाळतो, निपचित पडून राहतो. मुतखड्याचं याच्या उलट. ती कळ पाठीकडून कुशीतून खाली जांघेत उतरते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही, येरझारा घालायला लावते. पित्ताशयातले खडे असतील तर उजव्या बरगडीखाली दुखतं. लग्नातलं तेलकट-तुपकट जेवण झालं की तास-दोन तासांत सुरू होतं, पाठीत नाहीतर उजव्या खांद्यात जातं. चाळिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये हे फार दिसतं आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणून सोड्यावर निभावलं जातं.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही बरं का. पाळीच्या दुखण्याला शेक खरंच गुणकारी आहे, डॉक्टरही तेच सांगतात. गॅस झाला असेल तर ओव्यानं बरं वाटतं. पण एरंडेल मात्र जपून. पोट दुखतंय, साफ झालं की राहील, असं म्हणून पाजायची आपल्याकडे सवय आहे. दुखणं अपेंडिक्सचं असेल तर जुलाबाच्या औषधानं ते फुटायची भीती असते. कशाचं दुखतंय हे कळल्याशिवाय जुलाबाचं औषधही नको आणि एनिमाही नको.

जुलाबासोबतचा मुरडा सगळ्यांच्या ओळखीचा. मेसचं जेवण, उघड्यावरचं पाणी, पावसाळा. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप आवरतं, फक्त अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे माप पाठ असू द्या, अंदाजपंचे मीठ टाकू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला असंच पोटात कळा आणि जुलाबानं सुरू झालं आणि त्यातल्या काहींच्या हातापायांतली ताकद गेली. गिया-बारे सिंड्रोम हे नाव तेव्हा घरोघरी झालं. तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. तो दूषित पाणी आणि नीट न शिजलेलं चिकन यांतून पोटात जातो. हा आजार दुर्मीळ आहे, उगाच घाबरू नका. पण जुलाब होऊन गेल्यावर दहा-पंधरा दिवसांत पायात मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं असं काही झालं तर अशक्तपणा आला म्हणून झोपून राहू नका, दवाखाना गाठा.

लघवीचं दुखणंही असंच लपून राहतं. अभ्यासिकेत साठ मुलं-मुली आणि संडास एक, तोही असा की आत पाऊल टाकवत नाही. मग मुली पाणीच पीत नाहीत, सहा-सहा तास लघवी धरून ठेवतात. ओटीपोटात दुखतं, आग होते, थोडी थोडी होते. शेतावर, बाजारात, एसटीच्या प्रवासात आपलं तरी वेगळं काय असतं? मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली तेव्हा लोक हसले होते. हसणाऱ्यांना कधी दिवसभर लघवी धरावी लागली नसावी.

आता पाळीचं. पाळीत थोडं दुखतंच हे खरं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि कळा येतात. पाळीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सुरू होऊन दोन-तीन दिवसांत थांबतात. कंबर, मांड्या भरून येतात, कुणाला उलट्या-जुलाबही होतात. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या याच द्रव्यांना अडवतात, म्हणून त्या सुरुवातीलाच आणि जेवून घेतल्या तर लागू पडतात. मात्र त्या काही चण्याफुटाण्यासारख्या खायच्या नाहीत. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. या औषधानं क्वचित अंगावर पुरळ, ताप अशी गंभीर रिॲक्शन येऊ शकते, असा इशारा २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगानं दिला होता. शिवाय दुसरंच काही दुखत असेल तर गोळीनं ते काही काळ झाकून जातं, जसं त्या दुपारी झालं.

पण दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडावं, कामाचा खाडा व्हावा, गोळी घेऊनही लोळायची वेळ यावी, हे नेहमीचं नव्हे. दुखणं पाळीच्या चार दिवस आधीपासून सुरू होत असेल, वर्षागणिक वाढत असेल, शौचाच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यावी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखाच पापुद्रा गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, आतड्यावर वाढतो आणि सुजतो. जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना हा आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि निदान व्हायला अनेकींची कित्येक वर्षं जातात. का जातात? कारण आई म्हणते, मलाही दुखायचं. आजी म्हणते, लग्न झालं की थांबेल. मूल झालं की थांबेल. पोरगी तोवर अंगावर काढते.

आमच्या मुलीचंही हेच निघालं. अपेंडिक्सच्या वेळी सोनोग्राफी केली तेव्हा डाव्या बीजकोशावर गाठ दिसली. टाके काढायला जाल तेव्हा त्याबद्दल बोलू, म्हणाल्या बाई. आणि तिचा चेहरा पाहून लगेच म्हणाल्या, "गोळ्यांनी सुरुवात करू. पिशवीला कुणी हात लावत नाहीये."

ही पिशवीची भीती तिची एकटीची नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, अशी माहिती तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यात तिशीतल्या, काही तर त्याहून लहान बायका होत्या. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना आंघोळीला आडोसा. पाळी आली, अंगावरून पांढरं गेलं, ओटीपोट दुखलं की सुट्टी घेऊन उपचार करायची सोय नाही. मग एकदाची कटकट मिटवा असं तिलाही वाटतं, आणि कॅन्सरची भीती घातली की उरलासुरला विचारही संपतो. नंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला.

गर्भाशय काढावंच लागतं असे आजार आहेत, हेही मी सांगून ठेवते. कॅन्सर, कशानंच न थांबणारा रक्तस्राव, मोठाल्या गाठी. पण पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचं असतं आणि ते औषधांनी बरं होतं, नवऱ्यालाही औषध दिलं तर. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर चाळिशीच्या आत पाळी गेल्यासारखी होते. अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून कुणी पिशवी काढा म्हटलं की रिपोर्ट मागा, बीजकोश ठेवणार का ते विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अगदीच तातडीची बाब नसेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही.

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? अवघ्या आठ. म्हणजे एका टोकाला कुणी तपासतच नाही आणि दुसऱ्या टोकाला न तपासताच कापतात. मधलं सरळ काम, बाईला विचारायचं आणि तपासायचं, तेवढंच राहून जातं.

काही दुखण्यांना मात्र सकाळपर्यंतही थांबायचं नसतं. पाळी चुकली आहे, एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखतंय, थोडं थोडं अंगावर जातंय, चक्कर येते आहे, तर गर्भ नळीत राहिला असू शकतो. नळी फुटली तर आतल्या आत रक्त वाहतं आणि जीव जातो. "माझं तर ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?" असं म्हणू नका. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं तर गर्भ नळीत राहण्याचा धोका जास्त असतो. तसंच पोट लाकडासारखं कडक होणं, शौच आणि वारा दोन्ही बंद होऊन उलट्या होणं, काळी शी होणं. आणि पन्नाशीच्या आसपासच्या मैत्रिणींनो, विशेषतः मधुमेह असेल तर, वरच्या पोटात दुखून दरदरून घाम फुटला, दम लागला तर तो गॅस नसून हृदयाचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा. घरचे पुरुष कामावरून यायची वाट बघू नका.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मुलीची आई बीडहून एसटीनं आली. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि तिळाची चटणी. दहा दिवस आमच्याकडेच राहिली. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "ताई, बाईनं पोरीला किती इचारलं! कुठून सुरू झालं, कसं दुखतं. मला तर कुणी काहीच इचारलं नव्हतं ओ."

मी म्हटलं, तेव्हाचे कागद असतील ना? काय काढलं, काय ठेवलं, ते त्यात असतं.

"कागद कुठले! टाके काढले आन् घरी लावून दिलं." मग जरा थांबून, "गुडघे, कंबर तवापासून लई धरती. रात्री अंगातून वाफा निघायच्या पार. वय झालं म्हणून गप बसले." तिचं वय विचारलं, तर पंचेचाळीस. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान.

टाके काढायच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. खिडकीवरच्या मुलानं पेशंटचं नाव विचारलं. मुलीनं आधी स्वतःचं सांगितलं, मग आईकडे न बघताच तिचंही सांगितलं आणि दोन केसपेपर काढले. आई माझ्याकडे बघून पुटपुटली, "हिला काय येड लागलंय का, मला काय झालंय?" पण उठून गेली नाही. बाईंनी आत बोलावल्यावर मी बाहेरच बसले. टाके काढायला पाच मिनिटं लागतात. त्या मायलेकी पाऊण तासानं बाहेर आल्या.